लाल खुणेचा धोटा

अण्णांनी माझ्या हातातला धोटा काढून घेतला आणि मोरीतल्या नळाखाली धरला. साबणाची वडी फिरवली. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा धरला. बाकीची चार माणसं साचे थांबवून बघत होती. लाकडाचा धोटा कुणी पाण्यात घालत नाही. लाकूड फुगतं, धोटा साच्यात अडकतो, उभे धागे तुटतात. तीस वर्षं साचे चालवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं? कळत होतं. तरी धुतला.

दोनच मिनिटांपूर्वी ह्याच अण्णांनी मला शाबास म्हटलं होतं.

ज्यांनी साचा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साचा म्हणजे कापड विणायचा माग. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, तो आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या बाजूच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा सुर्रकन बाहेर येतो. सगळे साचेवाले हेच करतात. कुणी चहाला गेला की शेजारचा त्याचा साचा बघतो, त्याचाच धोटा तोंडाला लावतो. दिवसभरात एका धोट्याला तीन-चार तोंडं लागतात. त्यात कुणाला काही वाटत नाही.

मी हे मालेगावला शिकलो. एका म्हाताऱ्या चाचाच्या हाताखाली. चाचाने स्वतः ओढलेला धोटा माझ्या हातात दिला होता, म्हणाला होता, आता तू ओढ. जात विचारली नाही. विचारायची असते हेच मला तिथे कळलं नाही, आणि ही माझी चूक मला पुढे महागात पडली. चाचाच्या मालकाने माग विकून टाकले तेव्हा मी पिशवी उचलली आणि मुंबईला आलो. काम ठरलेलं नव्हतं. मुंबई म्हणजे मिलचं गाव, विणकराला कोण नाही म्हणणार, एवढाच माझा हिशेब.

डोंबलाचा हिशेब. मिलच्या संपाला तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. संप संपला असं कुणी सांगितलं नव्हतं, तो नुसता विरत चालला होता. परळच्या चाळीत मी मामाच्या दारात उभा राहिलो तेव्हा मामा खाटेवर बसून विडी ओढत होता. वीस वर्षं मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, आणि आता घरी. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "लोक बोचकी बांधून गावाला चाललेत, आणि तू उलटा आलास?" मामी हसली. पण तिने ताट वाढलं.

ते ताट मला रोज जड जायचं. त्या खोलीत पाच माणसं, कमावणारी एकटी मामी. ती माटुंग्याला दोन घरी पोळ्या करायची. त्यात सहावा मी, चांगला हट्टाकट्टा. सकाळी उठायचं आणि चालायचं. लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, उलट फिरून दादर, वडाळा. मिलच्या गेटवर वॉचमन लांबूनच हात हलवायचा. गेटासमोर माझ्यापेक्षा दुप्पट वयाचे साचेवाले बसलेले असायचे. त्यांना काम नाही तर मला कोण देणार? तरी चालायचो. नाही हा शब्द ऐकून ऐकून माणूस जेवढा थकतो, तेवढा चालून थकत नाही.

दीड महिन्याने चिंचपोकळीच्या एका गल्लीत मला साच्याचा आवाज आला. मी आवाजाच्या मागे गेलो. कारखाना म्हणजे एक लांबट गाळा, सहा जुने साचे, जखमेवर बांधायच्या पट्टीचं जाळीदार कापड निघत होतं. चालवणारे मास्तर पूर्वी कुठल्याशा मिलमध्ये विव्हिंग मास्तर, म्हणजे साचेखात्याचे मुख्य होते. दादरला राहायचे, बोलणं अगदी पुस्तकातलं, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, चालवून दाखव. मी कांडी घातली, धागा ओढला, साचा चालू केला. अण्णा मागे उभे होते. ते तिथले सगळ्यांत जुने. म्हणाले, शाबास, हात बसलेला आहे पोराचा.

मग मास्तरांनी विचारलं, राहतोस कुठे. मी चाळीचं नाव सांगितलं. सरळ सांगितलं, लपवायचं काय त्यात? पण त्या चाळीवर निळा झेंडा आहे आणि तिथे कोण राहतं हे अख्ख्या गिरणगावाला माहीत आहे. मास्तरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी धोटा काढून घेतला.

मला वाटलं, काम गेलं. गेलं नाही. मास्तरांना हात हवे होते. त्यांनी टेबलाच्या खणातून रंगाची डबी काढली, एका धोट्यावर लाल पट्टा ओढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हे औषधी कापड आहे. स्वच्छतेचा प्रश्न आहे. तुझा धोटा वेगळा राहील, गैरसमज करून घेऊ नकोस."

स्वच्छता! बाकीचे पाचजण तंबाखू खायचे आणि एकमेकांचे धोटे चोखायचे. माझं तेवढं तोंड घाण.

मी तो लाल धोटा उचलला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. उचलला. डोळ्यांसमोर मामीचे पोळ्या लाटून सुजलेले हात होते. मी म्हटलं, बरं मास्तर.

चार महिने त्या धोट्यावर काम केलं. चहाला उठलो की माझा साचा बंद राहायचा, कुणी हात लावायचं नाही. मग कापड कमी निघालं म्हणून बोलणी मला. मी चहाला उठायचं सोडलं. मामाला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, अण्णा? अरे, संपाच्या मोर्चात माझ्या शेजारी चालायचा तो, एका पुडीतले चणे खाल्लेत आम्ही. मग म्हणाला, सोस. काम आहे ना हाताला?

सोसत होतो. मग ती सकाळ आली.

अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे ते मास्तरांपासून लपवायचे. त्यांची कांडी संपली, नवी घ्यायला त्यांनी आपला धोटा फळीवर ठेवला. माझा साचा त्यांच्या शेजारी, आणि मी तेल घालायला वाकलो तेव्हा माझा धोटाही त्याच फळीवर ठेवलेला. अण्णांनी चाचपत, आपला समजून, माझाच उचलला. कांडी बसवली, ओठ लावले, धागा ओढला. साच्यात घातला. साचा चालू झाला. अण्णांना पत्ता नाही. मी बघितलं आणि बोललो नाही. खरं सांगतो, मला आत बरं वाटलं.

मास्तरांनी लाल पट्टा पळताना पाहिला. साचा थांबवला. अण्णांच्या हातात धोटा ठेवून दाखवला. अण्णा मोरीकडे धावले आणि खळाखळा चुळा भरायला लागले. दहा, बारा, थांबेचनात. बाकीचेही साचे थांबवून बघत होते, गाळ्यात एवढाच आवाज.

मास्तर माझ्याकडे वळले. आवाज तसाच, सपाट. "तुझी वस्तू तुझ्यापाशी ठेवायची, हे कळत नाही? अण्णांची माफी माग. हात जोडून."

"कशाची माफी?"

"माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मामीचे हात पुन्हा डोळ्यांसमोर आले. दीड महिना चाललेले रस्ते आले. जोडले असते हात, काय जात होतं? तोंडात शब्द येऊन थांबलेसुद्धा होते. पण मोरीतून अण्णांच्या चुळा ऐकू येत होत्या. मी मेलेला उंदीर आहे का? चार महिने ह्या माणसाशेजारी उभा राहिलो, त्यांचे तुटलेले धागे जोडून दिले, कारण त्यांना दिसत नव्हतं. डोकं फिरलं माझं.

मी अण्णांचा स्वतःचा धोटा उचलला, बिनखुणेचा. त्यात कांडी घातली. सगळ्यांसमोर ओठ लावले आणि धागा ओढला. अण्णांच्या साच्यात ठेवला आणि साचा चालू केला. खडाखडा चालला. कापड निघत होतं, आधी निघत होतं तसंच. मास्तर म्हणाले, बंद कर. मी केला नाही. चपला घातल्या आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत साच्याचा आवाज येत होता, मग कुणीतरी तो बंद केला.

घरी मामा भडकला. एवढ्याशा धोट्यापायी हातातलं काम घालवलंस, म्हणाला. मी त्याला विचारलं, "मामा, तू वीस वर्षं मिलमध्ये होतास. साचेखातं आतून बघितलंस?"

त्याने हातातली विडी विझवली. मग म्हणाला, "कांड्यांची गाडी दारात सोडायची. आत दुसरे ओढून न्यायचे. का, ते मी कधी विचारलं नाही."

उठून बाहेर गेला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मामीने ताट वाढलं, पण पोळ्यांचं तिसरं घर तिने ह्याच आठ दिवसांत धरलं. हे ओझं माझं आहे, ते मी कुणावर ढकलत नाही.

मी दादरच्या फुलबाजारात पाट्या उचलल्या. साच्यावर पुन्हा कुणी उभं केलं नाही. पण तेव्हापासून कुठल्याही दारात काम मागताना मी आधी माझी चाळ सांगतो, मग हात दाखवतो. बरेचजण म्हणाले, कळवतो. नाही कळवलं. नका कळवू. माझ्यासाठी वेगळा कप काढला, वेगळी जागा दाखवली, की मी उठतो. वाद घालत नाही, तेवढी ताकद राहिली नाही. आता साठी उलटली, गुडघे गेलेत, उठताना भिंत धरावी लागते. तरी उठतो.