न फाटणारी लांबपोळी

"देवमन, तुई बायको झोपेत हासते रे!"

सासू अंगणातून कडाडली, तेव्हा ललिता आत कणीक मळत होती. लग्न होऊन काही महिनेच झाले होते. भिंत कुडाची, त्यामुळे अंगणात कोणी जांभई दिली तरी चुलीपाशी ऐकू यायची. हे तर भांडण होतं.

"हासते तं हासू दे ना माय," देवमन सायकलची साखळी पुसता पुसता म्हणाला.

"हासू दे म्हणते! दुपारी पाठ टेकली का खदखदा हासते. झोपेत हासणारी बाई घरात बरी नसते. काही लागलं असन तिले. दाखव कोणाले तरी."

"आता कोणाले दाखवू? दीक्षा घेतली तवाच गंडेदोरे आपण सोडले ना? तूच सांगत फिरतं गल्लीभर."

"गंडेदोरे सोडले, डोळे नाही सोडले म्या! मले दिसते ते दिसते."

"अवं, जागेपणी तुह्यासमोर तिले हासाले भेटते का कुठं? झोपेत तरी हासू दे."

मग पातेलं आपटल्याचा आवाज झाला. सासूनं पुढं किती तरी दिवस लेकाशी अबोला धरला आणि भाकरी मात्र त्यालाच गरम वाढली.

आत कणीक मळता मळता ललितानं दोन गोष्टी मनाशी बांधल्या. एक, नवरा बरा मिळाला. दुसरी, झोपेत आपण कशाला हासतो ते मेलो तरी कोणाला सांगायचं नाही. पहिली गोष्ट खरी निघाली. दुसरी तिनं म्हातारपणापर्यंत सांभाळली आणि मग अकोल्याच्या भर लग्नात त्यातलं थोडं तिच्याच तोंडून सांडलं.

ललिता अमरावतीची. मटक्यावरच्या लांबपोळ्या करण्यात तिचा हात धरणारी बाई अख्ख्या वस्तीत नव्हती. चुलीवर मटका पालथा घालतात. कणीक इतकी सैल भिजवतात की परातीतून वाहून जाईल असं वाटतं. तिला आपटून आपटून ताण आणायचा, गोळा दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत लांबवायचा आणि झपकन मटक्यावर टाकायचा. नवखीच्या हातून ती पोळी फाटून चुलीत जाते. लग्न असो की तेरवी, लोक ललिताबाईला बोलावू धाडायचे.

पहिली पोळी टाकायच्या आधी ती तर्जनीचं टोक मटक्याला लावून बघायची. चटका बसला की मटका तयार. ही तिची सवय. एकदा काय झालं, दुपारच्या झोपेत ती अशीच पोळ्या करत होती. मटक्याला बोट लावलं तर गार! उन्हाळ्यातल्या माठासारखा गारेगार. खाली जाळ भडकलेला आणि वर मटका गार. ललिता स्वतःशीच म्हणाली, बाई गं, हे तर सपन आहे. आणि ते कळलं तरी जाग आली नाही. मग काय, चूल तशीच टाकून ती उठली आणि मनाला येईल तिकडं चालू लागली.

तेव्हापासून तिला ती किल्लीच सापडली. झोपेत पोळ्या तर रोजच असायच्या, हातांना दुसरं काय सुचणार? बोट लावायचं, गार लागलं की निघायचं. जन्मात ती त्या वाटेनं परतवाड्याच्या पुढं गेली नव्हती, पण झोपेत चिखलदऱ्याला कितीदा जाऊन आली. तिथं कॉफी पिकते एवढंच ऐकलेलं, झाड पाहिलेलं नव्हतं. म्हणून तिच्या चिखलदऱ्यात झाडांना कपबश्या लागायच्या, वाफाळलेल्या. एक तोडायची, फुंकून प्यायची आणि हासायची. सासूला ऐकू यायचं ते हेच.

आणि झोपेत ती बोलायची. जागेपणी तोंड मिटून राहणारी बाई, झोपेत भडाभडा बोलायची. तिचं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते वामनरावांशी. हे अकोल्याचे, नात्यातले, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. कोणाच्याही घरी कार्य असो, वामनराव चुलीपाशी येऊन उभे राहायचे. तोंडात पान, हात पाठीमागं. "पातळ कर. अजून पातळ. ही जाड झाली." सकाळपासून धुरात बसलेल्या बायांनी घोटभर चहा घेतला का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. झोपेत ललिता त्यांना सगळं सुनवायची. सुनावून झालं की वामनरावांचा हल्या व्हायचा, चांगला काळा रेडा, आणि शेपटी हलवत, पान चघळत, निमूट निघून जायचा.

देवमन गेल्यावर तो पण झोपेत यायला लागला. चुलीपाशी उकिडवा बसायचा. ती मटक्याला बोट लावायची, गार लागायचं, मग तिला कळायचं की हा खरा नाही. पण कळलं म्हणून काही बिघडत नव्हतं. खरा नाही तर नाही, आला आहे ना? ती त्याला पोळी वाढायची, घरातलं सांगायची. तो म्हणायचा, "मीठ कमी हाये." जिवंतपणीसुद्धा हेच म्हणायचा. जाग आली की ती डोळे पुसायची आणि चहा ठेवायची. कुठं काय संपलं आणि कुठं काय सुरू झालं, हे तिला चोख ठाऊक असायचं. सगळा हिशेब त्या एका बोटावर होता.

तेच बोट दगा देऊन गेलं.

अकोल्याला वामनरावांच्या पुतण्याचं लग्न. ललिता आणि तिची जोडीदारीण गोदाबाई पहाटेच्या गाडीनं गेल्या. हॉलच्या मागं चूल मांडली, जाळ लावला. मंगल परिणय आटोपत आला होता, आतून बुद्धवंदनेचा आवाज येत होता. ललितानं गोळा हातावर घेतला आणि सवयीनं मटक्याला बोट लावलं.

काहीच लागलं नाही.

तिनं बोट दाबून धरलं. तरी नाही. म्हणजे आपण गाडीतच झोपलो आहोत, बडनेऱ्याच्या पुढं डोळा लागला असणार. तिला हासूच आलं. इतक्यात पाठीमागून आवाज आला, "पातळ करजो वो. मागच्या खेपेले जाड झाल्या होत्या."

ललितानं गोळा परातीत टाकला आणि वळून उभी राहिली.

"वामनराव, तुमी सोता एक टाकून दाखवा ना! जाड झाली म्हणता, पातळ झाली म्हणता. तुमच्या घरच्या तिन्ही लग्नाले आमी धूर खाल्ला. चाहा घेतला का म्हणून इचारलं कधी? बायाइले काय पोट नसते? तोंडातलं पान थुका आदी, मंग बोला!"

आणि ती थांबली. आता हा हल्या होईल म्हणून त्यांच्या पाठीमागं शेपटी बघू लागली.

वामनराव काही हल्या झाले नाहीत. ते वामनरावच राहिले, फक्त पान गालात अडकलं. मग गोदाबाई किंचाळली, "अवो ललिताबाई, बोट! बोट पाहा तुमचं!"

बोटाची कातडी पांढरी पडून वर आली होती. जळल्याचा वास येत होता. ललितानं बोटाकडं पाहिलं, वामनरावांकडं पाहिलं. हे सगळं खरं होतं.

सून नीलम तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. शुगर निघाली. बोटांच्या नसा बधिर झाल्या आहेत, चुलीजवळ जायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा संघपाल म्हणाला, "बरं झालं, आता आराम कर." वस्तीत मात्र आठवडाभर हाच विषय. कोणी म्हणे ललिताबाईच्या डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणे खरं बोलली बिचारी.

ललिताला वामनरावांचं दुःख नव्हतं. चूल सुटल्याचंही तितकं नाही. तिची तगमग वेगळीच होती. आता खरं कोणतं हे सांगायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. दुपारी पाठ टेकायची तिला धास्ती वाटू लागली. पडली तरी एक डोळा उघडा. उठायची, घरात येरझाऱ्या घालायची, नळ उघडून बंद करायची, खिडकीची कडी हलवून बघायची. नीलम भाजी चिरत असली तर तिच्यापुढं येऊन उभी राहायची.

"पोरी, मी जागी हाव ना?"

"हो आई. अन् भाजीत मीठ पण तुमीच टाकलं आत्ता. दुसऱ्यांदा."

"झोपेतली नीलमबी असंच म्हणन."

नीलमनं सुरी खाली ठेवली. "मंग झोपेतल्या नीलमले सांगा भांडे घासून ठेव म्हणा. मले तेवढंच बरं."

ललिता हासली, पण जीव थाऱ्यावर येईना. एकदा दारात कुरिअरवाला आला तर त्याला तिनं स्वप्नातला समजून परत पाठवलं. एकदा देवमन चुलीपाशी दिसला तर तिला वाटलं तो खराच आला आहे, बाकीचं सगळं, ते जाणं, ते रडणं, तेच स्वप्न होतं. जाग आल्यावर तो पुन्हा नव्यानं गेला. हे सगळ्यात वाईट झालं. आधी तो यायचा ते पाहुण्यासारखा. आता त्याला दर वेळी मरावं लागत होतं. तिनं झोपणंच सोडलं. डोळ्यांखाली काळं आलं, चालता चालता तोल जाऊ लागला.

पण झोप कोणाचं ऐकते? एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्याच तिला डुलकी लागली. चूल होती, मटका होता, समोर देवमन उकिडवा. तिनं बोट लावलं नाही, लावून काय उपयोग? नुसती पोळी लांबवायला घेतली. गोळा हातावरून कोपरापर्यंत उतरला, कोपरावरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर. पुढं अंगण ओलांडून गल्लीत गेला, रस्त्याला लागला, राजापेठेच्या गर्दीतून लांबत लांबत चालला.

"काहून थांबून राहिली नाही तू?" देवमन म्हणाला.

"फाटतच नाही ना हे!" ललिता म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला ते कळलं. जागेपणी किती चांगली कणीक असो, ताणत गेलं की कुठं तरी फाटतेच. इथं फाटत नाही. हातातला गोळा सोडून ती देवमनाकडं पाहून मनापासून हासली. किती तरी दिवसांनी तिनं त्याला पाहुणा म्हणून पाहिलं. "बस. जेवून जा," ती म्हणाली. तो म्हणाला, मीठ कमी आहे.

त्या दिवसापासून तिच्याजवळ स्टीलची एक छोटी डबी आली. आत भिजवलेल्या कणकेची गोळी, रोज ताजी. शंका आली की डबी उघडायची, गोळी दोन बोटांत धरून ताणायची. फाटली की जागी. एसटीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, कुठंही. शेजारी बसलेली बाई टकामका बघायची. ललिता शांतपणे सांगायची, "काही नाही वो, घड्याळ पाहून राहिलो."

डॉक्टरांचा शब्दही तिनं आपल्या परीनं मानला. पोळी लांबवायची तिनं, मटक्यावर टाकायची आणि काढायची गोदाबाईनं. बोलावणी पुन्हा येऊ लागली. अकोल्याहूनही आलं, वामनरावांच्या नातीच्या वाढदिवसाचं. निरोपात एवढंच होतं की पोळ्या ललिताबाईच्याच पाहिजेत.

वामनराव आले. पान होतं, हात पाठीमागं होते. चुलीपासून जरा लांबच उभे राहिले.

"पातळ..." त्यांनी सुरू केलं.

ललितानं हात पुसले, कमरेची डबी काढली आणि गोळी ताणली. फाटली. म्हणजे जागी. पुन्हा एकदा ताणून पाहिली, तरी फाटली.

"वामनराव भाऊ," ललिता जागेपणीच म्हणाली, "आदी बायाइचा चाहा सांगा. मंग म्हणान तेवढी पातळ करतो."

वामनरावांनी पान एका गालात सारलं. मग आत तोंड करून ओरडले, "अवं, चाहा आना इकडं!" चहा आला. साखर जास्त होती, ललितानं आपला गोदाबाईला दिला.

यानंतर काही महिन्यांनी ललिता गेली. दुपारच्या झोपेत गेली आणि नीलम सांगते की चेहरा हासरा होता. त्याच सकाळी ती नवीन मटका आणायला कुंभाराकडं गेली होती, वरूडच्या एका लग्नासाठी. तिचं ते शेवटचंच बाहेरचं काम. नेहमीसारखंच तिनं ते केलं. एकेक मटका उचलून कानाशी धरला, बोटाच्या पेरानं वाजवला. "हा बद्द बोलते, ठेव. हा कच्चा हाये." कुंभार वैतागून म्हणाला, "आजी, मटका घ्यायचा हाये का पोरगी पाहायची हाये?" ती म्हणाली, "पोरगी पाहाले इतका वेळ नाही लागत." शेवटी एक खणखणीत निघाला. तो कमरेवर घेऊन ती रिक्षात न बसता चालत आली. वाटेत सावलीला थांबून डबी उघडली, गोळी ताणली. फाटली. फाटलेली कणीक तिनं चिमण्यांना टाकली, घरी येऊन मटका अंगणात सावलीत पालथा घातला, हातपाय धुतले आणि जरा पाठ टेकायला आत गेली.