तिनावर एक

पाचूबंदरच्या मटिल्डाला कंजूष म्हणायची कुणाची छाती नव्हती. बोंबील विकताना तीन मोजले की चौथा तिच्या हातून आपसूक गिऱ्हाइकाच्या टोपलीत पडायचा. शाळा दुसरीतच सुटली होती, पण तिनाचे चार करण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

तिच्या बापानं, अँथनीनं, फ्रेंच जहाजावरच्या नोकरीतून एक हवेचं घड्याळ आणलं होतं. ते हवेचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत दाखवायचं. काटा झपाट्यानं उतरला की तुफान आलंच समजायचं, हे बापानं लेकीला शिकवलं होतं. लग्नात ते घड्याळही तिच्यासोबत आलं. रोज सकाळी ती त्याचा आकडा खडूनं दारावर लिहायची.

पन्नास सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी आकडा होता ७५६. दुपारी होड्या सुटायच्या वेळी बघते तर ७४७! मटिल्डाचा नवरा पास्कल तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सगळ्यांत पुढं त्याचीच होडी. ती तशीच बंदरावर धावत सुटली आणि लेकीच्या नावानं नवऱ्याला हाक मारली.

"रोझीच्या बापसा, थांब! काटा नऊनं पडलाय!"

मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी गॅब्रिएल रोज सकाळी रेडिओ ऐकून मुंबईचा दाब फळ्यावर लिहायचा. आज लिहिलं होतं, १००८ मिलिबार. तो हसला. "मटिल्डाबाय, रेडिओ हजारावर सांगतो नि तुझं घड्याळ साडेसातशे! म्हातारं झालंय ते, मोडीत काढ."

सगळं बंदर खो खो हसलं. पास्कल दोर सोडायला वाकला.

मटिल्डा फळ्याकडं टक लावून बघत होती. सकाळचे ७५६ आणि हे १००८. तिची बोटं बोंबील मोजल्यासारखी हलायला लागली. साडेसातशेवर अडीचशे. सहावर दोन. झाले दोनशे बावन्न. ते मिळवले आणि बाई आनंदानं किंचाळलीच!

"तिनावर एक! तीन मिलिमीटर म्हंजे चार मिलिबार! सकाळी माजा घड्याल नि तुजा रेडिओ एकच बोलत होते. काटा बिगडला नाय रे, हवा बिगडलीय!"

गॅब्रिएलला पटेना. फळ्यावर कालचा आकडाही होता, १०१२. "काल दारावर काय लिहिलंस?"

"सातशे एकुनसाठ!"

त्यानं हिशेब केला. जुळला, अगदी तंतोतंत.

"आता सातशे सत्तेचालीसचा कर!" मटिल्डा नाचायचीच बाकी होती.

७४७ वर २४९. झाले ९९६. सकाळपासून बारा मिलिबार खाली! गॅब्रिएलचं हसू कुठल्या कुठं पळालं. "होड्या वर ओढा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

दिवेलागणीच्या आत वाऱ्यानं माडांची झावळं उडवली आणि लाटा थेट अंगणापर्यंत आल्या. एकूणएक होड्या वर वाळूत सुखरूप होत्या. पास्कल दारात उभा राहून काळ्या पाण्याकडं बघत होता.

"आता मी तिथं असतो," तो पुटपुटला.

"असतो काय? निघालाच होतास की!" म्हणत मटिल्डानं त्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. दुपारी आनंदानं किंचाळणारी ती बाई आता हमसून हमसून रडत होती, आणि पास्कल मुकाट्यानं मार खात उभा होता.