काखेतली गाठ आणि जवारा

मी चौथीपर्यंतच शिकलो, म्हणून जसं घडलं तसंच लिहितो. बायको गेली तेव्हा देवीवरचा माझा भरवसा उडाला होता, हे आधी सांगतो.

तिच्या उजव्या काखेत बोराएवढी गाठ होती. प्रत्येक बाळंतपणात दूध उतरलं की ती फुगायची, लेकरानं दूध सोडलं की बसायची. माझी आई म्हणायची, देवीचं देणं आहे. आम्ही दर नवरात्रात तिला हळद लावायचो. बायकोच्या म्हातारपणी ती गाठ कडक झाली, वाढू लागली. बायको म्हणाली, "दवाखान्यात दाखवू का?" मी म्हणालो, "देवीच्या वस्तूवर सुरी चालवतेत का? गप राह्य." ही चूक माझीच.

त्या चैत्रात गावात जवारे निघाले. नऊ दिवस टोपलीत उगवलेला गहू बाया डोक्यावर घेऊन तळ्यात शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला नेतात. टोपली सावरायला बायकोनं हात वर केला. मागं कोणाकडे तरी पाहुणी आलेली एक बाई चालून राहिली होती, तिला गाठ दिसली. तळ्यावर ती बायकोजवळ बसली, काख चाचपली आणि मला म्हणाली, "बाबाजी, मी नर्स आहे. कोणाकोणाले काखेतही दुधाची गाठ राहते. छातीले होते तो कॅन्सर तिथंही होते. उद्याच न्या."

"हे देवीचं आहे, बाई."

"मंग मलेही देवीनंच धाडलं समजा. एवढ्या बायात हिच्याच मागं मी काऊन आली?"

बायको बोलली, "माहं तं ऐकत नाही, हिचं तरी ऐका."

नागपूरला तेच निघालं. छाती साफ, कॅन्सर काखेत. ऑपरेशन झालं, केस गेले, पुन्हा आले. भाताच्या तीन रोवण्या, म्हणजे तीन पावसाळे, तिनं बांधावर बसून पाहिल्या. मग दुखणं उलटलं आणि ती गेली.

मी देवीला म्हणालो, न्यायचंच होतं तर ती बाई कायले धाडली? वर्षभर देवळाची पायरी चढलो नाही. मग एकट्यानं भात रांधताना आठवलं. त्या तीन वर्षांत मी तिची माफी मागितली होती. ती म्हणाली होती, "माफी मंग मागा, आधी भात उतरवा, करपून राहिला." एवढं बोलायला तरी वेळ मिळाला. ती बाई भेटली नसती तर तोही नव्हता.

यंदा टोपलीत गहू मीच पेरला. काही मागितलं नाही. किती दिवस द्यायचे ते देवीच्या हाती, दवाखान्यात नेणं माझ्या हाती होतं. सुनेला सांगून ठेवलं, गाठ दिसली की आधी डॉक्टर, मग हळद. देवी रागावणार नाही. ती बाई तिनंच धाडली होती.