खाणीच्या तोंडाशी

लेक पुण्याहून सुटीवर आली ती मोबाइलमध्ये एक नवा खेळ घेऊन. कुणीतरी कुठंतरी छोटा डबा लपवायचा, ती जागा नकाशावर टाकायची आणि अनोळखी लोकांनी तो हुडकत यायचं. डब्यात असतं काय, तर एखादं बटण, किल्लीची साखळी, खेळण्यातली मोटार. त्यातलं एक घ्यायचं, आपलं एक ठेवायचं. एवढ्यासाठी पेट्रोल जाळायचं म्हणजे कमालच आहे, असं मी म्हणून घेतलं.

"तू ये तर," ती म्हणाली. "घुग्घुसजवळ एक डबा आहे. महायुद्धाच्या वेळची कोळशाची खाण, आता बंद पडलेली."

पलंगावर बसून वाटाणे सोलणाऱ्या आईचे हात थांबले. "मले बी न्या," ती म्हणाली.

आई ऐंशीच्या पुढची. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. दवाखान्यात न्यायचं तरी तिची मनधरणी करावी लागते. पण खाणीचं वेगळं होतं. महायुद्धात कोळसा कमी पडायला लागला तेव्हा बायकांनी जमिनीखाली उतरण्यावरची बंदी सरकारनं उठवली, आणि पुढं गरज सरल्यावर पुन्हा घातली. मधल्या काळात ज्या बायका टोपल्या घेऊन खाली उतरल्या, त्यांत आईची आई होती. तान्ह्या आईला ती वर, कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत ठेवून जायची.

आई लहान असतानाच ती तापानं गेली. आईला तिच्या मावशीनं वाढवलं. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, वडिलांचा फोटो आहे, आजीचा नाही. कुणी काढलाच नव्हता. आईला तिचा चेहरा आठवत नाही, आणि हे दुःख तिनं जन्मभर गपचूप सांभाळलंय. मी दिसायला थेट आजीवर गेले, असं मावशी म्हणायची. म्हणून माझ्या लहानपणी वेणी घालताना आई मध्येच माझी हनुवटी धरायची आणि बघत राहायची. मला शाळेला उशीर व्हायचा, मी कुरकुरायचे.

ती खाण हीच का, हे सांगणारं आता कुणी नाही. मावशी नुसतं "घुग्घुसची" म्हणायची. तरी आईनं निघताना ठेवणीतलं लुगडं नेसलं. डिकीत तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि ट्रकांमागची धूळ खात आम्ही निघालो.

पोचलो तर तिथं फारसं काही नव्हतंच. जमिनीत तिरपा उतरत गेलेला रस्ता, त्याच्या टोकाला विटांनी बुजवलेलं खाणीचं तोंड, आणि चरणाऱ्या शेळ्या. उताराच्या वर आईला खुर्चीत बसवलं. तिनं मान वळवून सगळीकडं पाहिलं.

"निंब कुठी हाय?"

"नाई दिसत, आई. बाभळीच हायेत."

"मंग काईच नाई इथी," ती म्हणाली आणि पदर सारखा करत बसली. उगाच आणलं हिला, असं मला झालं. लेकीवर चिडायचंही मनात आलं, पण ती बिचारी मोबाइल धरून उतार उतरायला लागली होती.

डबा नकाशाप्रमाणे उताराच्या मध्यावर, दोर ओढायच्या यंत्राच्या जुन्या चौथऱ्याखाली असावा. लेकीचा कुडता पांढराशुभ्र, म्हणून खबदाडीत हात मी घातला. डबा ओढला तशी वरची कोळशाची भुकटी सगळी माझ्या डोक्यातोंडावर आली. लेक हसून हसून खाली बसली. मी डबा घेऊन तणतणत वर निघाले.

आईच्या डोळ्यांवर ऊन होतं. मी जवळ आले तशी ती खुर्चीत मागं सरली. "कोन हाय?" तिनं दरडावून विचारलं, पण आवाज घाबरलेला होता.

"आई, मी हाय वं! मीच हाय!"

तिनं आवाज ऐकला आणि तिचे खांदे सैल झाले. मग हळूहळू म्हणाली, "मावशी सांगे मले. साऱ्या बाया खालून काळ्या होऊन निघत. कोनती आपली माय, लेकरायले समजे नाई, रडत. म्हून माही माय दुरूनच आवाज देत ये."

मी पदरानं तोंड पुसायला गेले. तिनं माझं मनगट धरलं.

"पुसू नको. मले पाहू दे."

तिनं माझी हनुवटी धरली, वेणी घालताना धरायची तशीच. मी तिच्यापुढं गुडघे टेकून बसले. या वेळी मला कुठं जायची घाई नव्हती. ती चांगला डोळा जवळ आणून बघत होती, कपाळ, नाक, ओठ.

"अशीच दिसत असंल माही माय," आई म्हणाली.

माझा बांध फुटला.

"रडू नको वं," आई म्हणाली, "काळं उतरून राह्यलं."

डब्यात आईनं तिच्याजवळची सुपारी ठेवली. घ्यायला सांगितलं तर काही घेतलं नाही.

परत येताना घुग्घुसला चहाला थांबलो. चालू खाणीतली पाळी सुटलेले मजूर मोटरसायकली लावून उभे होते, त्यांचे चेहरे माझ्यासारखेच. चहावाल्यानं मग्गा पुढं केला, "बाई, तोंड धुवायले पानी घ्या."

"राहू द्या, भाऊ," आईच म्हणाली. "घरी गेल्यावर धुवंल ते."