सुमेधाताईंचा उघडा कान

सुमेधाताई गेल्याची बातमी मला ज्या माणसाकडून कळली, त्याच्याकडून ती कळायला नको होती. सकाळी मी तोक्योच्या निशी-कसाई स्टेशनवर तोझाई लाइनच्या गाडीची वाट बघत उभी होते. फोनवर त्याचा मेसेज आला. हात जोडलेलं चित्र, आणि खाली : 'आमच्या कुटुंबाचा आधार हरपला.' कुटुंब म्हणे! गाडी आली, दारं उघडली, मिटली, मी फलाटावरच. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू येतं ना? मला आधी राग आला. रडू नंतर इस्पितळाच्या दारात आलं, आणि आता इतक्या आठवड्यांनी ते ओसरलंयही. राग मात्र जिथल्या तिथे आहे, तो घेऊनच मी लिहायला बसले आहे. त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला स्वतःचं नाव छापून आलेलं फार आवडतं.

मी सांगलीकडची. वडील गवंडी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. पदवीला फ्रेंच घेतलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "ती भाषा बोलणार कुणाशी, म्हशीशी?" पुढे लग्न झालं, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपाठोपाठ जपानला आले, आणि खरंच ती भाषा बोलायला म्हैससुद्धा उरली नाही. मग एका दिवाळी फराळात कुणीतरी ओळख करून दिली, "या सुमेधाताई, ग्योतोकुला राहतात, फ्रेंचच्या दुभाषी आहेत." पांढरे आखूड केस, सुती साडीवर स्वेटर. मी फ्रेंच घेऊन बीए झाल्याचं सांगितलं, तर चकलीची बशी हातात धरूनच त्यांनी माझी परीक्षा सुरू केली. मला घाम फुटला, पण मागे हटले नाही. शेवटी म्हणाल्या, "उच्चार सांगलीचा आहे. राहू दे. माझ्या खासदारांचेसुद्धा पॅरिसचे नसतात. व्याकरण पक्कं आहे तुझं. येतेस कामाला?"

'माझे खासदार' म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या देशांचे खासदार. आफ्रिकेतले, युरोपातले, कुठल्या कुठल्या बेटांवरचे. एका भाषेच्या धाग्याने हे देश एकत्र येतात, त्यांचे खासदार एकमेकांकडे जातात, आणि अधूनमधून तोक्योलाही येतात, इथल्या खासदारांच्या मैत्रीगटाला भेटायला. शाळा, बंदरं, मासेमारी, बायकांचे हक्क, सगळं बोलणं होतं. मला सुरुवातीला हा सगळा चहापाण्याचा आणि फोटोंचा मामला वाटायचा. तसं बोलले, तर ताई उसळल्या. "मंत्री करार करतात गं. खासदार जाब विचारतो. त्याला लोकांनी त्यासाठीच पाठवलेलं असतं. आणि मैत्रीत जाब विचारता येत नसेल, तर ती मैत्री कसली, ती पाहुणचाराची हौस."

आमचं काम काचेच्या बूथमध्ये चालायचं. खासदार फ्रेंचमध्ये बोलले की ताई किंवा मी ते इंग्रजीत करायचो, आणि शेजारच्या बूथमधल्या जपानी बायका आमचं इंग्रजी ऐकून त्याचं जपानी करायच्या. म्हणजे आम्ही एक शब्द खाल्ला, तर तो सगळ्या सभागृहाला उपाशी ठेवायचा. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, 'ते म्हणतात' नाही. ताई हेडफोन फक्त डाव्या कानावर घालायच्या, उजवा कान उघडा. मला वाटलं केसांमुळे असेल. विचारलं तर म्हणाल्या, "एका कानाने त्यांचं ऐकायचं, दुसऱ्याने आपलं. आपण काय बोलतोय त्यावर पहारा नको का? दुभाषा स्वतःचं ऐकेनासा झाला की हळूच स्वतःचंच बोलायला लागतो."

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचंय त्या दिवशी पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या खासदार, मादाम आवा, बोलायला उभ्या राहिल्या. आडव्या बांध्याची, पिवळा डोईरुमाल बांधलेली बाई. आभार वगैरे झाले, आणि मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही याला मैत्रीगट म्हणता. आम्हाला बोलावता, फोटो काढता. आमच्या किनाऱ्यावरची मासळी तुमच्या लक्षात राहते, आमची नावं राहत नाहीत. मी पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. मी इथे पाहुणी म्हणून आलेली नाही. मला ज्यांनी निवडून दिलं त्यांना मी काय सांगू?" माइक ताईंकडे होता. त्यांचा आवाज एरवी असायचा तसाच, ना चढा ना पडका, आणि एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरत होतं. तेवढ्यात बूथचं दार उघडलं. चालू कामात ते कुणीही उघडत नाही. आम्हाला ही कामं देणाऱ्या एजन्सीचा मालक, तोच मेसेजवाला, आपलाच मराठी माणूस, अर्धा आत वाकून हाताने 'खाली, खाली' करत कुजबुजला, "ताई, गोड करा जरा! गोड करा!" ताईंनी माइकवरचं बोलणं न थांबवता पायाने दार लोटलं. त्याची बोटं थोडक्यात वाचली. मला आजही त्याचं वाईट वाटतं... वाचली याचं.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "गोड हवं होतं तर बाईंनी गोड बोलायला हवं होतं. मी साखर कारखाना नाही. तो तुमच्या सांगलीला."

दुसऱ्या दिवशी कळलं की तो सकाळीच मैत्रीगटाच्या कार्यालयात जाऊन आला होता. निळ्या कागदात गुंडाळलेली उंची मिठाईची पेटी घेऊन, कमरेतून वाकून, त्याने ताईंच्या वतीने माफी मागितली होती. आमच्या दुभाषीने भावनेच्या भरात भाषणात नसलेलं जोडलं, पुन्हा होणार नाही. सभेचं ध्वनिमुद्रण होतं, पण ते कुणी लावून पाहिलं नाही. माफी आलेली असताना तपासायचं कशाला? ताई त्याच्या ऑफिसात गेल्या, मी बरोबर होते.

"तुम्ही माझ्या नावाने माफी मागितलीत?"

"अहो ताई, इतकी वर्षं इथे राहून हे मी सांगायचं का? इथली पद्धत आहे. वाकायचं, पेटी ठेवायची, विषय संपला. चूक कुणाची ते कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"मग काय, त्या बाईच तसं बोलल्या म्हणून सांगू? पाहुण्या आहेत त्या! तुम्ही घरच्या."

घरच्या. म्हणजे ज्यांच्यावर ढकलून द्यायला परवानगी लागत नाही अशा. मी त्याच खोलीत त्याला सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही, आणि त्याला मराठीतले असे दोन शब्द ऐकवले जे कॉलेजात शिकवत नाहीत. ताईंना खासदारांचं काम पुन्हा मिळालं नाही. तोक्योत फ्रेंचच्या दुभाष्यांचं जग एका डब्यात मावेल एवढं. 'जोडून बोलते' हा शिक्का बसला की पुसायचा कुणी? त्यानंतर ताईंनी धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित केली, ग्योतोकुच्या स्वयंपाकघरात इंजिनिअरांच्या मुलांना फ्रेंच शिकवलं. मादाम आवा त्यांना दर नव्या वर्षाला शुभेच्छा पाठवायच्या, पण ताईंनी त्यांना काही कळू दिलं नाही. "ती बिचारी स्वतःला दोष देत बसेल," म्हणायच्या. मी चिडायचे. "तुम्ही एवढ्या लढणाऱ्या, आणि इथे गप्प?" त्या पोळी लाटत म्हणायच्या, "माझं काम तिचं म्हणणं पोचवणं होतं. पोचलं." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता... "नावाचं मात्र वाईट वाटतं गं."

ते वाक्य मी विसरले नाही.

शोकसभा ग्योतोकु स्टेशनजवळच्या सभागृहात होती. ताईंची मुलगी इरा इथेच वाढलेली, तिने सगळ्यांना बोलावलं होतं. मराठी मंडळी, शेजारी, जुने सहकारी. मादाम आवा आता खासदार नाहीत, त्या व्हिडिओ कॉलवरून पडद्यावर होत्या, डोक्याला तसाच पिवळा रुमाल. मराठी भाषणं मी हलक्या आवाजात त्यांच्यासाठी फ्रेंचमध्ये करत होते, आणि पूर्वी शेजारच्या बूथमध्ये असणारी आमची मैत्रीण हारुका-सान, जिने पुढे ताईंकडेच फ्रेंच शिकून घेतलं, ती माझ्या फ्रेंचवरून जपानी पाहुण्यांसाठी जपानी. पुन्हा तेच, माझ्यावरून पुढे. आणि तो आला. हातात तशीच निळ्या कागदातली पेटी. पडद्याकडे त्याने बघितलंही नाही. माइक घेतला, गळा भरून आणला. "ताई म्हणजे आमच्या कुटुंबातल्या. स्वभाव तापट. एकदा तर परदेशी खासदारांच्या सभेत, भावनेच्या भरात, भाषणात नव्हतं तेही बोलून गेल्या. पण आम्ही सांभाळून घेतलं. कुटुंबात चालायचंच..."

मी त्याचं वाक्य फ्रेंचमध्ये केलं. 'आम्ही सांभाळून घेतलं', त्याचं 'आम्ही' माझ्या तोंडून. खरं सांगते, जीभ शिवशिवत होती. एक शब्द तिखट करायचा होता, फक्त एक. केला नाही. उजवा कान उघडा होता.

पडद्यावर मादाम आवांनी हात वर केला. "कुठली सभा? तोक्योतली?" मी ते मराठीत मोठ्याने सांगितलं. त्याने आत्ता कुठे पडद्याकडे पाहिलं. "अं... जुनी गोष्ट आहे. जाऊ दे." मी तेही फ्रेंचमध्ये केलं, तो 'अं' सुद्धा. हारुका-साननेही तो जपानीत सोडला नाही.

मादाम आवा सावकाश बोलल्या, दोघींना वेळ मिळावा म्हणून. "ते भाषण माझं होतं. सभेचं इंग्रजी ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, माझ्या मुलींना मी ते ऐकवते. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी त्याबद्दल कुणाची माफी मागितलेली नाही. कुणी मागितली असेल, तर ती मी आज सर्वांसमोर परत घेते."

मी ते मराठीत सांगितलं. शब्दन् शब्द. त्याच्या डोळ्यांत बघत. हारुका-सानचं जपानी संपलं आणि मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. ओनो-सान. मैत्रीगटाच्या कार्यालयात ती पहिली पेटी ज्यांच्या टेबलावर ठेवली गेली होती ते. ताईंच्या फोटोपुढे गेले आणि वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. माइक धरून उभ्या असलेल्या माणसाला बसावं की जावं कळेना. तो निघाला तेव्हा इरा त्याच्यामागे दारापर्यंत गेली, दोन्ही हातांनी ती पेटी त्याला परत दिली आणि अगदी अदबीच्या जपानीत म्हणाली, "आमच्या घरी गोड चालत नाही." इथे भेट परत करणं म्हणजे संबंध तोडणं, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी श्वास रोखला. मी रोखला नाही. मी मनसोक्त घेतला.

ताईंचा हेडफोन इराने मला दिला. माझ्या टेबलावर आहे. डाव्या बाजूची गादी झिजून भेगाळलीय, आतला स्पंज दिसतो. उजवी अजून दुकानातून आणल्यासारखी कोरी. कामाला बसते तेव्हा मी तो त्यांच्यासारखाच घालते. हा लेखही लिहून झाल्यावर तो डाव्या कानावर चढवून, उजव्याने ऐकत, मोठ्याने वाचून पाहिला. कुठे गोड केलेलं नाही, कुठे तिखट घातलेलं नाही. तो जे बोलला तेवढंच आहे. त्याने हवं तर तपासून बघावं.