ईदनंतरचे पाय

जिना उतरताना ताहेरचा उजवा गुडघा कटकट वाजतो. त्या कटकटीची गोष्ट ऐकवल्याशिवाय तो क्लबातल्या एकाही पोराला बूट बांधू देत नाही.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ त्याची बेकरी. तरुणपणी तो फुटबॉल खेळे आणि विंगेवर असा पळे, की बघणाऱ्याची मान दुखावी. तेव्हा क्लबाची रीत अशी होती: रमजानभर मैदान बंद, आणि ईदचा शिरखुर्मा जिरायच्या आत महिन्याची कसर भरून काढायची. भर उन्हात फेऱ्या, खांद्यावर वाळूची पोती आणि लगेच लातूरची स्पर्धा. अशाच एका स्पर्धेत वळताना त्याचा गुडघा फिरला. खेळ संपला. लोक म्हणाले, नजर लागली. कसली नजर! महिनाभर बसलेले पाय आठवडाभर बेफाम पळवले, तर दुसरं काय होणार?

कोच झाल्यावर त्याने ती रीतच मोडली. रमजानात इफ्तारच्या आधी थोडा हलका सराव. ईदनंतर पळणं हळूहळू वाढवायचं. शिवम, आदर्श ही रोजे नसलेली पोरं आधीच कसून तयार ठेवायची आणि सुरुवातीचे सामने त्यांच्यावर काढायचे.

यंदा मात्र लातूरच्या मैदानावर क्लबाचे अध्यक्ष वैजनाथराव अडून बसले.

"ताहेरभाई, जीशानला पैल्यापासून उतरवा. सगळ्यात जास्त गोल करणारं पोरगं सावलीत बसवून राहिलात!"

"शेवटची वीस मिनिटं देतो. मांडी अजून तयार न्हाई त्याची."

"अन् हारलो तर?"

"तर मला काढा."

"काढीनच!"

पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्यात मध्यंतरालाच एक गोल अंगावर. जीशान न विचारताच उठला आणि बुटाच्या नाड्या आवळू लागला.

"बस खाली," ताहेर म्हणाला.

"उस्ताद, तुमचा गुडघा गेला म्हणून मला बी बसवता का?"

ताहेरने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

"हाव," ताहेर म्हणाला. "त्याच्यासाठीच. पाणी पी."

शिवमने बरोबरी साधली. मग वेळ झाल्यावर जीशान उतरला आणि त्याने दुसरा गोल मारला. गोल मारून बाकाकडे बघितलंसुद्धा नाही, इतका तो रागात होता. उपांत्य सामन्यात ताहेरने त्याला अर्धा वेळ खेळवलं, अंतिम सामन्यात पूर्ण. तिथे ते एका गोलाने हरले, पण शेवटची शिट्टी वाजली तेव्हाही जीशान चेंडूमागे पळतच होता.

परतताना भाड्याच्या जीपची मागची सीट पूर्वी दरवर्षी कुणाच्या तरी बांधलेल्या पायासाठी सोडावी लागे. यंदा तिच्यावर वैजनाथराव तोंड पाडून ऐसपैस बसले होते. अहमदपूर मागे पडलं. शेवटी ताहेरनेच मागे वळून विचारलं, "मग अध्यक्षसाहेब, काढलं का मला?"

"सगळे धडधाकट हायेत, म्हणून गप हाय मी," ते खेकसले. "पण पुढल्या साली कप पायजे."

"पुढल्या साली ईद दहा-अकरा दिवस आधी येती. स्पर्धेची तारीख हीच राहिली अन् तेवढे दिवस सरावाला जास्त भेटले, तर जीशानला पैल्या मॅचला उतरवतो."

"अन् न्हाई भेटले तर, उस्ताद?" जीशानने विचारलं.

"तर बसवतो."