कांबळेबाईंचा सर्व्हर

कांबळेबाई कुठलंही पत्र शेवटापासून वाचायच्या. आधी सही, मग तारीख, आणि ती दोन्ही पटली तरच मजकूर. कसबा पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमच्या संघटनेची खोली आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात मीच लिहिलेलं पत्रक होतं. बाईंनी त्याचा तळ पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"खाली 'एक कार्यकर्ती' लिहिलंय. तिला नाव नाही का?"

"नाव महत्त्वाचं नसतं बाई. विचार महत्त्वाचा."

"बरोबर आहे. विचाराला नोटीस बजावता येत नाही. सोयीचं असतं ते."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील आयुष्यभर पत्रकं लिहीत आले आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच ओळ असायची, 'वाचा, पटलं तर पुढे द्या.' आमच्या घरात देव नव्हते, ही ओळ होती. अशा घरातून आलेल्या मला एका निवृत्त टेलिफोन कर्मचारी बाईंनी सोय शिकवावी, याचा मला फार राग आला होता.

संघटना तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची. म्हणजे वर्षानुवर्षं तेच विषय शिकवायचे, पगार तासावर, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. मोबाइलवरच्या गटात लिहिलेलं अर्ध्या तासात प्राचार्यांकडे पोहोचायचं, म्हणून आम्ही तो गट बंद केला आणि ईमेलवर आलो. तो सर्व्हर बाईंचा. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर धुतलेला पंचा घालून त्या तो सांभाळायच्या. शहराबाहेरच्या मांजरीहून दोन बस बदलून यायच्या, आल्या की आधी पंचा काढून घडी करायच्या.

आमच्या नावाने कुणीही पत्र पाठवू शकतं, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी सर्व्हरवर सही बसवली. "ही सही म्हणजे नाव टायपणं नव्हे," त्यांनी मला समजावलं. "मजकुरावरून यंत्र एक खूण तयार करतं आणि पत्रासोबत पाठवतं. ती तपासायची किल्ली आपण सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो. वाटेत एक अक्षर बदललं तरी खूण जुळत नाही." शिवाय आणखी एक नोंद करावी लागते. खूण जुळली नाही तर पत्र घेणाऱ्याच्या सर्व्हरने काय करावं? बाईंनी तिथे लिहिलं होतं, काही करू नका, फक्त आम्हाला कळवा.

"काही करू नका?" मी म्हटलं. "मग उपयोग काय? खोटं पत्र परत फेका असं लिहा ना."

"लिहू. आधी बघू तर दे. अहवाल येतायत, त्यात आपलीच खरी पत्रं नापास होतायत. वाटेत कुणीतरी हात लावतंय. तो हात सापडेपर्यंत कडक व्हायचं नाही."

नुसतं बघत बसायचं, हे माझ्या रक्तात नव्हतं. मी तोंडावर तसं म्हणाले. "रक्त तपासून घे," बाई म्हणाल्या, "माझं आठवड्यातून दोनदा तपासतात." त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डायलिसिसच्या दिवशी अडू नये म्हणून त्यांनी मला सर्व्हरचा पासवर्ड दिला होता.

त्या वर्षी बावीस जणांनी तक्रार केली म्हणून एका महाविद्यालयाने त्यांचे तास काढून घेतले. तक्रार समितीपुढे सोमवारी अकराला सुनावणी होती. प्रत्येकाने स्वतः हजर राहून सांगायचं होतं. गैरहजर राहिलं की प्रकरण निकाली. बावीस घरांचं वर्ष त्या एका सकाळवर होतं.

शनिवारी दुपारी बावीसही जणांना आमच्या नावाने पत्र गेलं, सुनावणी पुढे ढकलली आहे, येऊ नये. ते आमचं नव्हतं. कुणी पाठवलं ते आजवर सिद्ध झालेलं नाही. बाई त्या वेळी इस्पितळात यंत्राला जोडलेल्या होत्या. मी खोलीत एकटी होते आणि संतापले होते. मी ती नोंद उघडली आणि 'कळवा' खोडून 'परत फेका' केलं. मग खुलासा लिहिला, सुनावणी सोमवारीच आहे, सगळ्यांनी या. पाठवला आणि छाती पुढे काढून घरी गेले. रविवारभर मला वाटत होतं की मी लढाई जिंकले.

सोमवारी अकरा वाजता समितीच्या दारात तिघे होते. तिघांनी ते खोटं पत्र उघडलंच नव्हतं. इतिहास शिकवणाऱ्या मानेला मी फोन लावला. तो इंदापूरला सासरवाडीत होता.

"मॅडम, पुढे ढकललीय ना?"

"मी खुलासा पाठवला होता, माने."

"तुमचं काही आलं नाही."

बाराला उरलेल्या एकोणीस जणांचं प्रकरण निकाली निघालं. मी खोलीवर आले तेव्हा बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. परत आलेल्या पत्रांच्या सूचना त्यांच्या खात्यात जमा होत होत्या. शनिवारपासून त्यांना उठवत नव्हतं, त्यामुळे त्या आत्ता पाहत होत्या.

"बावीसच्या बावीस परत," त्या म्हणाल्या. "समोरच्या सर्व्हरांनी तुझं ऐकलं. तू सांगितलंस फेका, त्यांनी फेकलं."

"पण माझं पत्र खरं होतं."

बाईंनी माझ्या पत्राची एक प्रत काढून बोट ठेवलं. आमचं पत्र सर्व्हरवरून सही होऊन निघायचं, भाड्याने घेतलेल्या एका सेवेकडे जायचं आणि तिथून सगळ्यांना वाटलं जायचं. त्या सेवेत प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप जोडली जावी, अशी तजवीज मीच वर्षापूर्वी कौतुकाने करून ठेवली होती. 'वाचा, पटलं तर पुढे द्या.' सही आधी, ओळ नंतर. वाटेत लागणारा तो हात माझाच होता.

"फोन केला होतास का कुणाला?" बाईंनी विचारलं.

"मेल केला होता."

बाईंनी संगणकावर पंचा घातला.

त्या आठवड्यात सभा झाली. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. कुणीतरी ओरडून विचारलं, आमचंच पत्र आम्हाला का मिळालं नाही? मी पहिल्या रांगेत होते. उठायचं होतं. अन्यायाविरुद्ध मी शंभरदा उठलेली आहे. पण उठले नाही. मागून बाईंचा आवाज आला, "सर्व्हर माझा. पासवर्ड मीच दिलेला. जबाबदारी माझी." लोक त्यांना जे बोलले ते मी लिहू शकत नाही. त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि जिना उतरल्या. मी बसून होते.

महिन्याने मांजरीला त्यांच्या भावाकडे गेले. बाई अंथरुणात आणखी लहान दिसत होत्या.

"माझं नाव का सांगितलं नाहीत?"

"मी खोटं बोलले का?"

"नाही."

"मग झालं. मी माझ्यापुरतं सांगितलं. तुझं तू सांगायचं होतंस." त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. "चहा घेऊन जा."

मी चहा घेतला आणि पुढच्या सभेत सांगेन असं ठरवलं. पुढची सभा झाली, त्याच्या पुढचीही झाली. मग बाई गेल्या.

शोकसभेला माने आला होता. तास गेल्यापासून तो एका गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात बसतो. तो चांगलंच बोलला. "बाईंनी संघटनेसाठी खूप केलं. त्या सुनावणीची चूक कुणाकडूनही झाली असती. आम्ही त्यांना केव्हाच माफ केलंय." माणसांनी माना हलवल्या.

तेव्हा मी उठले. नोंद कुणी बदलली, ओळ कुणी जोडली, सभेत कोण गप्प बसलं, सगळं सांगितलं. खालच्या छापखान्यातलं यंत्र तेवढं चालू होतं.

मानेने सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"हे त्यांना ऐकू गेलं असतं तेव्हा सांगायचं होतं, मॅडम," तो म्हणाला आणि आपली पिशवी घेऊन निघून गेला.